जिल्ह्यात एकही ढिवर नाही

भंडाऱ्याच्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्याच्यासाठी एक खोली थंड करण्यात आली, खिडक्यांना जाड पडदे लागले आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. साहेबांच्या खोलीत धानाच्या बांधीतला चिखल घेऊन माणसं जात, त्याचं कोणाला काही वाटत नसे, पण कॉम्प्युटरच्या खोलीत खुद्द साहेब मोज्यांवर येत. नारळ उंबऱ्याबाहेर फोडला, कारण आत पाणी नेऊ नका असं यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, रोज सकाळी त्याला लांबूनच नमस्कार करत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढ्या मनापासून कोणाला हात जोडले नसतील.

त्या देवाचा पुजारी मी. लाखनीचा. वडिलांचं हायवेवर दुकान, ट्रकवाल्यांना दोरखंड, ताडपत्री, कंदील असलं काही विकायचं. मी नागपुरात वर्षभराचा कोर्स करून आलो होतो आणि कचेरीत ‘तात्पुरता’ म्हणून लागलो होतो. वडील दुकानात येईल त्या ड्रायव्हरला सांगत, ‘पोट्टा कंपूटरवर आहे.’ एकाने विचारलं, ‘नागपूर-रायपूर चालते का?’ वडिलांनी जरा विचार करून, ‘नाही, भंडाऱ्यातच असते,’ असं उत्तर दिलं म्हणे.

साहेब पुण्याकडचे, हौशी. त्यांना कॉम्प्युटरला मराठीत प्रश्न विचारायचा होता. मोठ्या शहरांत माहितीच्या याद्या सांभाळणारे, त्यांना प्रश्न विचारता येणारे तयार प्रोग्राम मिळत. आमच्यापर्यंत त्यातलं काही आलं नव्हतं. मी म्हटलं, मी लिहितो. वय असं होतं की रामटेकचा डोंगर हलवायला सांगितला असता तरी मी ‘कुठे ठेवू?’ एवढंच विचारलं असतं. चार महिने खपून मी असा प्रोग्राम लिहिला की इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न टाइप करायचा, प्रोग्राम तो वाचून फोडायचा, कोणती यादी उघडायची, कोणता रकाना बघायचा ते ठरवायचा आणि उत्तर छापायचा. या वाचणाऱ्या, फोडणाऱ्या भागाला आमच्या धंद्यात पार्सर म्हणतात. कचेरीत त्याला ‘पारसर’ म्हणत आणि तो कोणी ऋषी असावा अशा आदराने म्हणत.

साधे प्रश्न त्याला झकास जमत. ‘तलावांच्या यादीतून साकोली तालुक्यातले तलाव दाखव.’ टरटर करत कागद बाहेर. पण साहेबांना एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न हवा होता, तेव्हा मी कंसाची सोय केली. बाहेरचा प्रश्न एका यादीला, कंसातला पोटप्रश्न दुसऱ्या यादीला.

इथेच माती खाल्ली. कशी, ते सांगताना मला आजही लाज वाटते, कारण ती चूक मला कोर्सात कोणी शिकवली नव्हती. मी ती त्याच कचेरीत शिकलो. तिथे पहिल्या महिन्यात एकच धडा मिळाला होता: शंका आली की वर विचारायचं. फरशी पुसायचं फडकं फाटलं तर नवं घ्यावं का, हा कागद चार टेबलं चढून वर गेलेला मी पाहिला होता. तो ‘पाहिले’ असा शेरा घेऊन परत आला आणि फरशी तशीच राहिली. ही पद्धत मला पक्की आणि शिस्तीची वाटली. म्हणून माझा पार्सर कंसात शिरला आणि ‘आता यादी कोणती?’ असा प्रश्न पडला की तो आधी वर बघायचा. वरच्या प्रश्नाने एखादी यादी उघडलेली असली की तीच धरून बसायचा. कंसात दुसऱ्या यादीचं नाव ढळढळीत लिहिलेलं असलं तरी तिकडे ढुंकून बघायचा नाही. मी यंत्रात एक अस्सल कारकून घडवला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या तलावांचे मासेमारीचे ठेके नव्याने द्यायचे होते. ज्या गावात मासेमारांची, म्हणजे आमच्याकडच्या ढिवरांची, कुटुंबं आहेत, तिथला तलाव तिथल्या मासेमारांच्या सोसायटीकडे ठेवायचा. जिथे एकही मासेमार कुटुंब नाही, तिथला तलाव उघड्या लिलावात काढायचा, मग ज्याची ऐपत त्याने घ्यावा. नियम चांगला होता. साहेबांनी प्रश्न सांगितला: असे तलाव दाखव की ज्यांच्या गावात (कुटुंबांच्या यादीत बघून) मासेमार कुटुंब नाही.

दोन याद्या होत्या. जागा वाचवायला मी रकान्यांना नावं न देता नंबर दिले होते. कुटुंबांच्या यादीत चौथा रकाना धंद्याचा, तलावांच्या यादीत चौथा रकाना उपयोगाचा. आमच्याकडचे तलाव मालगुजारीच्या काळापासून धानासाठी बांधलेले, त्यामुळे बहुतेकांपुढे ‘सिंचन’ लिहिलेलं. आता माझा कारकून कंसात शिरला, कुटुंबांची यादी उघडायची सोडून हातातल्या तलावांच्या यादीतच चौथ्या रकान्यात मासेमार शोधू लागला. तिथे सापडलं ‘सिंचन’. म्हणजे मासेमार नाही. पुढचा तलाव, सिंचन, मासेमार नाही. अर्धा तास प्रिंटर ओरडत होता. दोन-तीन तलावांपुढे कोणीतरी चुकून ‘मासेमारी’ असा उपयोग लिहिला होता तेवढे वाचले. बाकी उत्तराचा अर्थ सरळ होता: जिल्ह्यात एकही ढिवर नाही.

ज्या जिल्ह्यात गावाला तलाव आणि तलावाला ढिवर असतोच, त्या जिल्ह्याच्या कचेरीत ही यादी वाचली गेली. बडे बाबूंनी ती पानापानाने वाचली. त्यांच्या डब्यात त्या दिवशी मरळ माशाचा रस्सा होता. मला त्यांनी त्यातला एक तुकडा दिलाही. बोटं चाटत ते म्हणाले, ‘पाह्य, आपल्याले आजवर वाटतच होतं का लई ढिवर आहेत. मशीनीनं खरं काय ते काढलं.’ साहेबांनी मोज्यांवर उभ्या उभ्या सही केली. मी? मला यादी जरा लांब वाटली. पण सगळे इतके खूश होते की मीही खूश झालो.

गावोगाव नोटिसा गेल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी सानगडीजवळच्या एका गावच्या सोसायटीचे अध्यक्ष कचेरीत आले. सत्तरीचे, काटक, धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर दुपट्टा, आणि अंगाला तलावाचा असा वास की फाइलीतली झुरळंसुद्धा हलली. त्यांनी नोटीस बडे बाबूंपुढे ठेवली.

‘हे वाचून दाखवा जी. पोरं म्हणतात का याच्यात लिव्हलं हाये, गावात ढिवर नाही.’

‘बरोबर लिहिलं आहे,’ बडे बाबू म्हणाले. ‘मासेमार कुटुंब आढळून आले नाही.’

‘मंग मी कोन आहो?’

बडे बाबूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘ते तुम्हाले अर्ज करून विचारा लागते.’

‘तलाव कोनाले देता?’

‘सोमवारच्या लिलावात जो बोलंल त्याले. लाखनीचे दोन-तीन व्यापारी येऊन गेले.’

म्हाताऱ्याने दुपट्टा हातात घेतला आणि खालीच बसला. ‘आमच्या आज्यानं त्याच तलावात जाळं टाकलं. आता तलाव गेला तं आमी पोटाले का खाऊ? तलावाच्या पाळीवरची माती?’ आवाज चढला नव्हता, पण सगळ्या कचेरीला ऐकू गेला. बडे बाबूंनी माझ्याकडे बोट केलं. ‘त्या लाखनीच्या पोट्ट्याले विचारा. कंपूटर त्याचा आहे.’ सही होईपर्यंत कॉम्प्युटर कचेरीचा होता.

मी त्यांना आत नेलं. ‘काकाजी, चपला बाहेर काढा,’ म्हटलं. ते अनवाणीच होते. कुटुंबांची यादी उघडली. त्यांचं नाव होतं, गाव होतं, चौथ्या रकान्यात मासेमारी होती. पाठोपाठ त्यांच्या गावची आणखी अकरा घरं. ‘तुम्ही आहात,’ मी म्हणालो.

‘ते मले ठावं हाये, भाऊ. तुमच्या मशीनले सांगा.’

माहिती बरोबर आणि उत्तर चूक, म्हणजे खोट मधल्या वाचणाऱ्यात, माझ्या पारसर ऋषीत. मी प्रोग्रामचे कागद जमिनीवर पसरले आणि पेन्सिल घेऊन, मीच पार्सर असल्यासारखा, प्रश्न एकेक शब्द फोडू लागलो. म्हातारा उकिडवा बसून बघत होता. तासाभराने म्हणाला, ‘का करून राहिले जी?’

तासाभराची घुसमट कोणाला तरी सांगायची होती, म्हणून त्यांना सांगितली. एका मोठ्या प्रश्नाच्या पोटात लहान प्रश्न आहे. लहान प्रश्नात शिरल्यावर यादी कोणाची मानायची, मोठ्याची की लहान्याची? मी मोठ्याची मानली आहे.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लहान प्रश्नात तोंड लपवावंसं वाटलं. ‘काहून?’

‘वरचा तो वरचा.’

‘हे तं आमच्या गावच्या पोट्ट्यालेही समजते,’ ते म्हणाले. ‘तलावाच्या खाली वावरात बोडी असते का नाही? लहान तळं. पावसात तलाव फुगला का मासा उतरून बोडीत जाते. मंग तो मासा कोनाचा?’

‘तलाववाल्याचा?’

‘लाखनीचे शोभता!’ ते म्हणाले. ‘बोडीत गेलेला मासा बोडीवाल्याचा. तलाववाला हात नाही लावत. बोडीत उभं राहून तलावाच्या धन्याले कायले पुसता? आंधी बोडीचा धनी पाहा. बोडीले धनीच नसन, तं मंग वर तलावावर जा.’

आधी आतला, तो नसेल तरच बाहेरचा. कोर्सात हे कोणीतरी नक्की शिकवलं असणार. मी त्या दिवशी सिनेमाला गेलो असेन. चार महिन्यांत सुचलं नव्हतं ते या माणसाने उकिडवं बसून सांगितलं, आणि तेही ज्याच्या तोंडचा घास मी काढला होता त्याने. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कचेरीत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बोलावलं. तोवर मी कंस उघडला की आतली यादी उघडायची व्यवस्था केली होती. प्रश्न दिला, प्रिंटर सुरू झाला. वर मथळा, ‘लिलावात काढावयाचे तलाव’, आणि खाली पहिलंच नाव काकाजींचं. त्याखाली त्यांच्या गावची उरलेली अकरा नावं. मग अड्याळकडची. काल ज्यांना कॉम्प्युटर माणसात धरत नव्हता, त्यांना त्याने आज लिलावात काढलं होतं.

मी वाचून दाखवलं. काकाजी मनापासून हसले. ‘माही बोली कोन लावंल जी? दात बी नाही राह्यले.’ मग कागद हातात धरून म्हणाले, ‘तुमी बोडीत उतरले, ते बेस केलं. पन काम झालं का बाहेर निघा लागते का नाही? का तिथंच बसून राहाता?’

तेच होतं. कंसात जाताना मी आतली यादी उघडत होतो, पण कंस संपल्यावर बाहेरची पुन्हा हाती घेत नव्हतो. पार्सर बोडीतच राहिला आणि पुढचे तलाव म्हणून माणसं मोजत बसला. दुपारपर्यंत तेही केलं: शिरताना आतली यादी बाहेरच्या यादीवर ठेवायची, निघताना ती उचलायची की खालची आपोआप समोर. यावेळी प्रिंटर दोन मिनिटांत थांबला. यादी अर्ध्या पानाची होती, आणि काकाजींचं गाव तिच्यात नव्हतं. गाव तिच्यात नाही म्हणजे तलाव त्यांचा, हे त्यांना समजवायला मला दोनदा सांगावं लागलं. या कचेरीच्या यादीत नसणं फायद्याचंही असू शकतं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि मी त्यांना दोष देत नाही.

आता साहेब. मी दोन्ही याद्या त्यांच्यापुढे ठेवल्या. जुनी खोटी, नवी खरी.

‘पण जुनीवर माझी सही आहे,’ साहेब म्हणाले.

‘नवीवर करा, साहेब.’

‘एकाच यंत्राने आठ दिवसांत दोन उत्तरं दिली असं वर कळवू? कॉम्प्युटर चुकत नाही, असं मीच भाषणात सांगून आलो आहे.’

बडे बाबूंनी तोडगा काढला. कॉम्प्युटर चुकला नाही. तक्रार आली, चौकशी झाली, चौकशीअंती त्या गावात मासेमार ‘नव्याने आढळले’. ज्याच्या आज्याने त्या तलावात जाळं टाकलं, तो नव्याने आढळला. काकाजींनी त्या कागदावर अंगठा दिला. ‘काहीही लिव्हा, जाळं आमचंच पडन,’ ते म्हणाले.

‘आणि बाकीची गावं?’ मी विचारलं. मला वाटतं, तेवढं एकच वाक्य मी त्या नोकरीत धीटपणे बोललो.

‘त्यांची तक्रार आली आहे का?’

‘त्यांच्यातल्या अर्ध्यांना नोटीस वाचता आली नसेल, साहेब.’

‘मग तक्रार येईपर्यंत थांबा,’ साहेब म्हणाले. लिलाव सोमवारी होता. त्या दिवशी गुरुवार.

बाहेर पडताना मी काकाजींना सगळं सांगितलं. दोन्ही याद्या ताडून, कोणकोणती गावं फुकट लिलावात चालली आहेत त्याचा तिसरा कागद मी काढला होता, तो वाचून दाखवला. ते ऐकत गेले, मान हलवत गेले. लिहिता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं गाव विसरत नव्हते. ‘बाजार हायेत ना मधात,’ एवढंच म्हणाले. मासे विकायला ढिवरणी बाजारोबाजार जातात. कोणत्या बाजारात कोणत्या गावची बाई बसते ते त्यांना तोंडपाठ होतं. कचेरीला जे टपालाने जमलं नसतं ते त्यांनी टोपल्यांवरून पोचवलं.

सोमवारी सकाळी कचेरीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खांद्यावर जाळी घेऊन आली होती, बाया टोपल्या घेऊन. पुरावा मागतील म्हणून कोणी झिंगे आणले होते, कोणी जिवंत मरळ. वास खालून सरपटत थंड खोलीत शिरला. साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

‘कोण आहेत हे लोक?’

बडे बाबूंनी सही झालेली यादी उघडली, शेवटच्या पानापर्यंत बघितली. सवयीचा माणूस. ‘कोणीच नाहीत, साहेब.’

तासाभराने लिलाव रद्द झाला. म्हणजे, ज्या गावचे लोक आले होते त्या गावांचा रद्द झाला. प्रत्येक गावात मासेमार नव्याने आढळले. एका सकाळी एवढे ढिवर जिल्ह्यात नव्याने आले की जुन्या लोकांनी गर्दीची तक्रार करायला हवी होती. आरडाओरड, हसणं, अंगठ्यांची शाई, आणि मधोमध काकाजी, गावांची नावं घेत, माणसं पुढे ढकलत. मी दाराशी उभा होतो आणि मला फार आनंद झाला होता. माझा प्रोग्राम बरोबर झाला होता आणि त्याचं फळ व्हरांड्यात जाळी घेऊन उभं होतं.

दुपारी लिलाव झाला तो खऱ्या यादीतल्या थोड्या तलावांचा आणि आणखी एकाचा. जंगलाच्या कडेचं लहान गाव, ढिवराचं एकच घर. तिथून कोणी आलं नव्हतं. तक्रार नाही म्हणून तलाव बोलीत निघाला आणि पाच मिनिटांत गेला. माझ्या तिसऱ्या कागदावर ते गाव शेवटच्या ओळीत होतं.

महिनाभराने माझी मुदत संपली, ती वाढवली नाही. त्याचं दुःख मी केलं नाही. शेवटच्या आठवड्यात काकाजी सोसायटीच्या कामाला आले, तेव्हा त्यांना विचारलं, ‘त्या गावचे कसे आले नाहीत?’

‘त्याची बायको मेली दोन सालाआंधी,’ ते म्हणाले. ‘बाजारात बसाले कोनी नाही. तो गावातच इकते. त्याच्यापावतो सांगनं पोचलंच नाही.’ दुपट्टा खांद्यावर नीट केला. ‘आता मजुरीले जाते म्हनतात. बायको गेल्याचं मले मागून समजलं, भाऊ. मले पैले ठावं असतं तं मी पायी गेलो असतो.’

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस होते. माझी सायकल कचेरीच्या भिंतीला टेकलेली असे, आणि त्या गावचा रस्ता लाखनीवरूनच फुटतो.

‘त्याचा तलाव लिलावात चालला, हे तं तुमालेही ठावं होतं ना?’ त्यांनी विचारलं. रागाने नाही, माझा प्रोग्राम समजून घेताना विचारत तसंच.

‘होतं,’ मी म्हणालो.